एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: दुर्बीण का उतरवायला लावली

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला. तेव्हाच लिहायला बसलो असतो तर रागात काहीतरी लिहून गेलो असतो. म्हणून आधी आमच्या कोच सरांशी बोललो, तुमच्या तीन दिवसांची नोंदवही काढून पाहिली आणि आज सकाळी लिहायला घेतलं.

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी तुमची तक्रार थोडक्यात सांगतो. तुम्ही पुण्याहून आमच्याकडे गोव्यात फोंड्याला लांब पल्ल्याची नेमबाजी शिकायला आलात. सोबत स्वतःची पीसीपी (आधी दाबाने हवा भरून ठेवायची) एअर रायफल, भारी स्कोप म्हणजे दुर्बीण, लेझर रेंजफाइंडर, हातात धरायचा वारामापक आणि फोनमध्ये गोळीच्या वाटेचा हिशेब करणारं बॅलिस्टिक अ‍ॅप होतं. आम्ही पहिल्या दिवशी तुमच्या हातात आमची बिनदुर्बिणीची रायफल दिली, १० मीटरच्या हॉलमध्ये उभं केलं आणि नळीवर नाणं ठेवून रिकामा चाप ओढायला लावला. तुम्ही लिहिलंय, ‘जगात कॉम्प्युटर नेम धरतोय आणि हे लोक अजून श्वास आणि खांदा शिकवतात. कालबाह्य. पैसे पाण्यात.’

आधी आमची चूक सांगतो, कारण ती खरी आहे. आमच्या ऑफिसातून फोनवर तुम्हाला ‘स्कोप घेऊन या, लाँग रेंज शिकवतो’ एवढंच सांगितलं गेलं. आमच्याकडे १० मीटरचा हॉल आणि ५० मीटरचं उघडं मैदान आहे, त्यापुढे काही नाही, आणि रायफली फक्त छऱ्याच्या आहेत, हे स्पष्ट सांगायला हवं होतं. हजार मीटरचं स्वप्न घेऊन माणूस पाचशे किलोमीटरच्या आसपास गाडी चालवत येतो आणि समोर १० मीटरवर कागद दिसतो, तेव्हा त्याला फसल्यासारखं वाटणारच. त्याबद्दल मनापासून माफी मागतो. मैदानावरच्या शेडचे पत्रे दुपारी तापतात हेही बरोबर आहे. यंदा वर चुडतांचं छप्पर घालतोय.

पण शिकवण्याची पद्धत कालबाह्य आहे, हे मला मान्य नाही.

तुम्ही आणलेल्या सामानाची किंमत मी कमी करत नाही. पूर्वी अंतर डोळ्यांनी जोखावं लागायचं, त्यात चुकलं की गोळी वर किंवा खाली. रेंजफाइंडरने तो प्रश्न मिटवला. गोळी किती खाली येणार हेही अ‍ॅप क्लिकमध्ये, म्हणजे स्कोपचं चाक किती खाचा फिरवायचं या मापात सांगतं. ३०८ या मोठ्या रायफलीच्या काडतुसाची गोळी १०० मीटरला झिरो केली, म्हणजे तिथे नेमावर बसेल असा स्कोप जुळवला, तर १००० मीटरवर ती दहा मीटरहून जास्त खाली येते. एवढा मोठा आकडा, पण अंतर, वेग आणि हवा माहीत असली की तो हिशेबात बसतो. त्या बाबतीत कुठल्याही उस्तादाने यंत्राशी पैज लावू नये.

वाऱ्याचं तसं नाही. तीच गोळी १००० मीटरवर ताशी १५ किलोमीटरच्या आडव्या वाऱ्यात अडीच-तीन मीटर सरकते. वारा १५ आहे की १० हे ओळखण्यात चूक झाली, तर जवळजवळ मीटरभराची चूक लक्ष्यावर दिसते. आणि वारा वाटेत सगळीकडे एकसारखा कधीच नसतो.

तुम्ही कॉम्प्युटरच्या नेमाची गोष्ट काढलीत. २०१३ साली अमेरिकेत ट्रॅकिंगपॉइंट नावाच्या कंपनीने तशी रायफल बाजारात आणली होती. लक्ष्यावर खूण करायची, चाप दाबून धरायचा, नळी बरोबर जागी आली की रायफल आपणच गोळी सोडते. तापमान, हवेचा दाब, चढउतार, रायफल किती कलली आहे, सगळं ती स्वतः मोजते. वाऱ्याचा आकडा मात्र नेमबाजानेच भरायचा.

हे तुम्ही आमच्या मैदानावर स्वतः पाहिलंत, म्हणून तो दुसरा दिवस आठवून देतो. आमचं मैदान म्हणजे जुनी चिऱ्यांची खाण. तीन बाजूंना जांभ्याची भिंत, पश्चिमेकडे मधोमध एक खिंडार. सकाळी मतलई वारा असतो, तो फार त्रास देत नाही. दुपार झाली की समुद्राकडून खारा वारा येतो आणि त्या खिंडारातून आत घुसतो. साडेतीनच्या सुमारास तुम्ही बसलात. तुमची जागा भिंतीच्या आडोशाला, त्यामुळे वारामापकावर जेमतेम काही दिसत होतं. अ‍ॅपने सांगितलं, वाऱ्यासाठी काही करू नका. पहिले पाच छर्रे चार बोटं डावीकडे गेले. तुम्ही क्लिक फिरवले. तेवढ्यात वारा पडला आणि पुढचे पाच तितकेच उजवीकडे गेले. तुम्ही म्हणालात, स्कोपचा झिरो हलला.

झिरो हलला नव्हता. ३५ मीटरवर काठीला बांधलेली लाल रिबन आडवी फडफडत होती आणि तुमचा डोळा स्क्रीनवर होता. सरांनी तुम्हाला रायफल खाली ठेवायला सांगितली आणि दहा मिनिटं फक्त बघायला लावलं. वरती माडांचे शेंडे एकीकडे वाकलेले, खाली गवत दुसरीकडे. स्कोपमधून कागदासमोर तापलेल्या दगडाची लहर उठत होती. ती सरळ वर उठते आहे की एका बाजूला वाहते आहे, यावरून तिथला वारा कळतो. मग रिबन लोंबकळली आणि लहर उभी झाली, तेव्हा सर म्हणाले, ‘आता.’ तुमचे दोन छर्रे मधल्या वर्तुळात बसले. स्कोप तोच, रायफल तीच, क्लिक सुरुवातीच्या जागी परत आणलेले. रिव्ह्यूमध्ये हे दोन छर्रे आले नाहीत, याचं मला जास्त वाईट वाटलं.

आता नाण्याचं. तुम्ही त्याला पोरखेळ म्हटलंत. चाप सुटला, हातोडी आपटली, हवा सुटली, छर्रा नळीतून निघाला, यात काही मिलिसेकंद जातात. एवढ्या वेळात बोटाने झटका दिला की नळी हलते, आणि छर्रा हललेल्या नळीच्या दिशेने जातो. खऱ्या फायरमध्ये हा झटका कळत नाही, कारण आवाज आणि धक्का त्याला झाकून टाकतात. रिकाम्या रायफलीवर नाणं पडतं आणि झटका उघडा पडतो. तुमच्या पीसीपीला ड्राय फायरची सोय नाही, वारंवार रिकामी चालवली तर आतले भाग खराब होऊ शकतात, म्हणून आमची मॅच रायफल दिली. तुमचं नाणं पहिल्या दिवशी किती वेळा पडलं आणि तिसऱ्या दिवशी किती, ते आकडे तुमच्या वहीत आहेत. इथे मांडणार नाही, पण एकदा उघडून बघा.

१० मीटर म्हणजे काहीच नाही असं वाटत असेल तर हा हिशेब करा. एअर रायफलच्या कागदावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. साडेचार मिलिमीटरचा छर्रा त्याला नुसता शिवला तरी दहा मिळतात, म्हणजे छऱ्याचा मध्य अडीच मिलिमीटरच्या आत हवा. तोच कोन १००० मीटरवर नेला तर २५ सेंटिमीटर होतो. हॉलमध्ये उभं राहून जो हे दर वेळी करतो, त्याचं शरीर लांबच्या पल्ल्याला तयार आहे. जो करत नाही, त्याला महागडा स्कोप स्वतःचीच थरथर मोठी करून दाखवतो.

आणि लांब पल्ला म्हणजे दुर्बीण हवीच, हेही खरं नाही. इंग्लंडमध्ये बिस्लीच्या रेंजवर राजाच्या नावाचं बक्षीस दर वर्षी लावतात. त्याची अंतिम फेरी ९०० आणि १००० यार्डांवर होते आणि ती परंपरेने पीप साइटने (बारीक छिद्रातून बघून नेम धरायचा), दुर्बिणीशिवाय खेळली जाते. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनला (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ४५१.४ गुणांनी ब्राँझ आणलं, तेही पीप साइटनेच.

साधनापेक्षा माणूस किती मोजावा लागतो, हे मला मॅट एमन्स या अमेरिकन नेमबाजाकडे बघून सगळ्यात जास्त पटतं. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकआधी कुणीतरी मुद्दाम त्याच्या रायफलीची नासधूस केली. त्याने सहकारी नेमबाजाची रायफल उसनी घेतली आणि ५० मीटर प्रोनचं (झोपून मारायच्या प्रकाराचं) सुवर्ण जिंकलं. त्याच ऑलिंपिकमध्ये थ्री पोझिशनच्या फायनलला तो शेवटच्या गोळीपर्यंत सगळ्यांच्या पुढे होता. ७.२ गुण मिळाले असते तरी सुवर्ण त्याचंच होतं. शेवटची गोळी त्याने शेजारच्या लेनच्या लक्ष्यावर मारली. स्वतःच्या लक्ष्यावर शून्य, आणि तो थेट आठव्या क्रमांकावर गेला. हा प्रसंग मी नव्या मुलांना नेहमी सांगतो. तो आठवला की मी स्वतः आजही चाप ओढण्याआधी लेनचा नंबर वाचतो.

यंत्रांशी आमचं वैर असतं तर हॉलमध्ये स्कॅट हे नेम टिपणारं यंत्र लावलं नसतं. एसीसाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यात घातले. नळीवरचा सेन्सर तुमचा नेम कसा फिरतो ती रेघ स्क्रीनवर काढतो, आणि चाप ओढण्याच्या क्षणी ती कुठे उडी मारते ते दाखवतो. पहिल्या दिवशी तुमची रेघ प्रत्येक वेळी उजवीकडे खाली उडत होती. ते बघूनच सरांनी नाणं काढलं. तुम्हाला आधी स्क्रीन समजावून मग नाणं द्यायला हवं होतं, हे आता लक्षात येतंय. यापुढे तसंच करू.

फोनवरची चूक आमची, म्हणून एका दिवसाची फी परत पाठवली आहे. उद्यापर्यंत जमा झाली नाही तर ऑफिसला कळवा. आमच्या पानावर ‘लाँग रेंज’ काढून ‘१० आणि ५० मीटर, एअर रायफल, लांब पल्ल्याची पूर्वतयारी’ असं लिहिलं आहे. मैदान पावसाळ्यात बंद असतं, नोव्हेंबरपासून सकाळी सातला उघडतं. पुन्हा यावंसं वाटलं तर दुपारचा स्लॉट घ्या, स्कोप आणि वारामापक दोन्ही आणा. सर त्या खिंडारासमोर तुमच्यासोबत बसतील, आणि त्या दिवसाची फी नको.