खुनी कोण ते राहू द्या, आधी मत द्या

तुमच्या ओळखीतल्या कुणीतरी पहिली रहस्यकादंबरी लिहिली आहे. पुण्यात राहता म्हटल्यावर हे आज ना उद्या होणारच होतं. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये रोज दोन-दोन तास बसणाऱ्या माणसाच्या डोक्यात खुनाचे विचार येणारच, त्यातले काही जण ते नुसते लिहून काढतात, आणि खरं तर याबद्दल समाजाने त्यांचे जाहीर आभार मानायला पाहिजेत. पण आभार वगैरे नंतर. आत्ता ते पुस्तक तुमच्या हातात आलंय, आत 'सप्रेम भेट' लिहून सही केलीये, आणि वर तो म्हणालाय, "नक्की कळव हं, कशी वाटली."

घाबरू नका. मत द्यायला पुस्तक वाचावं लागतं अशी एक समजूत आहे, ती कुणी पसरवली माहीत नाही, बहुतेक लेखकांनीच.

सुरुवात पैशांपासून करा. "छापायला किती दिलेस?" हा प्रश्न पुस्तक हातात घेतल्या घेतल्या, उघडायच्या आधी विचारायचा. तो म्हणाला दिले, तर "हां, मग काय, कुणीही छापेल" असं म्हणता येतं, आणि तो म्हणाला नाही दिले, तर "मग तुला काय मिळालं?" असं विचारता येतं, म्हणजे दोन्हीकडून तुमचंच वर. त्याने जर आर्थर कॉनन डॉयलला शेरलॉक होम्सच्या पहिल्या कादंबरीचे सगळे हक्क विकून 25 पौंडच मिळाले होते, किंवा अगाथा ख्रिस्तीच्याही हातात पहिल्या पुस्तकाचे 25 पौंडच पडले होते असलं काही ऐकवलं, तर शांतपणे "पण तो पौंड होता" म्हणायचं आणि विषय बदलायचा.

मग मुखपृष्ठ. रक्ताचा थेंब, मागे शनिवारवाडा, पुढे हूडी घातलेला पाठमोरा माणूस. पुण्यात हूडी घालून कोण खून करतं हा प्रश्न तुम्ही विचारायलाच पाहिजे, विशेषतः कादंबरी मे महिन्यात घडत असेल तर. हल्ली शिवाय "एआयने केलंय वाटतं" असंही म्हणता येतं, आणि हे बिचाऱ्या चित्रकाराने महिनाभर खपून हाताने काढलेलं असलं तरी चालतं, उलट तेव्हा जास्त लागतं.

प्रकाशन समारंभाला जरूर जा. पत्रकार भवन किंवा एस. एम. जोशी सभागृह, संध्याकाळी साडेपाच म्हणजे सहा, दारात पुस्तक सवलतीत, आत बटाटेवडा नाहीतर पॅटिस. प्रमुख पाहुणे निवृत्त पोलीस अधिकारी असतात आणि ते चाळीस मिनिटं बोलतात. त्यातली अडतीस त्यांच्या स्वतःच्या केसेसवर, उरलेल्या दोन मिनिटांत "लेखकाने खूप अभ्यास केलेला दिसतो, मी वेळेअभावी पूर्ण वाचू शकलो नाही पण चाळली आहे" असं म्हणून ते बसतात. नंतरचे वक्ते समीक्षक असतात, ते कादंबरीची उत्सुकता वाढवायची म्हणून खुनी सोडून सगळं सांगतात, आणि खुनी तेवढा एकच उरल्यामुळे तोही समजतो. तुम्ही फक्त शेवटच्या रांगेत बसायचं आणि शेजारच्याला हळूच सांगायचं, "पहिलीच आहे ना, त्या मानाने ठीक आहे." पुस्तकाचं पाकीटसुद्धा अजून फुटलेलं नसतं. पण हे वाक्य कुठल्याही पहिल्या पुस्तकाला बसतं, पुस्तक चांगलं निघालं तर तुम्ही उदार आणि वाईट निघालं तर तुम्ही जाणकार.

आता खरा मुद्दा. रहस्यकादंबरी वाचणाऱ्या माणसाला समाजात एकाच गोष्टीने मान मिळतो, ती म्हणजे खुनी त्याला कितव्या पानावर कळला. हा लिलाव उलटा चालतो. कुणी म्हणेल दीडशेव्या पानावर कळलं, तर तुम्ही ऐंशी म्हणा, शेजारच्या काकू पन्नास म्हणतील, आणि मग कोपऱ्यातून एखादे आजोबा "मला तर अर्पणपत्रिकेवरूनच शंका आली" म्हणून सगळ्यांना गार करतील. कुणालाही पुरावा मागितला जात नाही. पोलिसांना इतक्या सोप्या अटी असत्या तर अख्ख्या शहरात एक केस पेंडिंग राहिली नसती.

यात लेखकाची एक अडचण आहे ती समजून घ्या, म्हणजे नीट वापरता येईल. रोनाल्ड नॉक्स नावाचे एक इंग्रज पाद्री होते, स्वतःही रहस्यकथा लिहायचे, त्यांनी 1929 साली या प्रकाराचे दहा नियम सांगितले आणि त्यातला पहिलाच असा की खुनी गोष्टीत सुरुवातीलाच कुठेतरी दिसून गेला पाहिजे. आता तुमच्या मित्राने हा नियम पाळून वाड्याच्या रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगमध्येच, दुसऱ्या प्रकरणात, त्या गप्प बसलेल्या भाडेकरूला आणून ठेवला, तर म्हणायचं "लगेच कळलं." नाही आणला आणि शेवटी एकदम पुढे केला, तर म्हणायचं "हा कुठून उपटला?" दुसऱ्या प्रकरणात आणून पुन्हा तुम्हाला कळूही दिलं नाही, जे सगळ्यात अवघड काम आहे, तर म्हणायचं "मला कळलं होतं, पण म्हटलं इतकं सोपं नसेल."

पुणेकर वाचकाचा पुढचा हक्क नकाशावरचा. कादंबरीतला खुनी मध्यरात्री फर्ग्युसन रोडवरून डेक्कनकडून शिवाजीनगरला गाडी मारत गेला की संपलं. अहो, वनवे आहे तो! माणूस सुऱ्याने तीन जणांना मारून आलाय त्याचं काही नाही, पण वनवेत घुसला हे लेखकाचं अज्ञान, आणि हे सांगणारे गृहस्थ स्वतः सभागृहाच्या गल्लीत राँग साइडने आले आणि अॅक्टिव्हा नो पार्किंगमध्ये लावून वर आले. तसंच मुठा नदीवरच्या भिडे पुलाचं. मे महिन्यात मृतदेह वाहत येऊन भिडे पुलाला अडकला असं लिहिलंय म्हणून एका ग्रुपवर चार दिवस चर्चा झाली. खडकवासला धरणातून पाणी सोडलं तर तो पूल पाण्याखाली जातो, पण मे महिन्यात तिथे मृतदेह काय, प्लास्टिकची बाटलीसुद्धा वाहताना विचार करते. आता हे खरंय, लेखकाचं चुकलंय, मान्य. पण हे त्याला कुणीच सांगितलं नाही. चार दिवस सगळे एकमेकांनाच सांगत होते.

कायद्याचंही असंच. कादंबरी 2025 मध्ये घडते आणि फरासखाना पोलीस स्टेशनातला इन्स्पेक्टर टेबलावर हात आपटून म्हणतो, "तीनशे दोन लावीन!" आता 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली, खुनाच्या शिक्षेचं कलम 103 झालं, आणि नव्या संहितेतलं 302 हे धार्मिक भावना दुखावण्याचं आहे, म्हणजे तो इन्स्पेक्टर खुनाच्या आरोपीला कुणाच्या तरी भावना दुखावल्याबद्दल आत टाकायला निघालाय. ही चूक मजेशीर आहे आणि कुणाच्याच लक्षात आलेली नाही, कारण आपल्या सगळ्यांच्या डोक्यात तीनशे दोनच बसलंय, त्या निवृत्त पाहुण्यांच्याही. त्याहून मोठी भानगड शेवटी आहे, तिथे खुनी पोलीस स्टेशनात ढसाढसा रडत सगळं कबूल करतो आणि कादंबरी संपते. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, हे इंग्रजांच्या काळापासून तसंच आहे आणि नव्या साक्ष अधिनियमातही तसंच ठेवलंय. म्हणजे शिवाजीनगर कोर्टात पहिल्याच तारखेला वकील उभा राहून हा कबुलीजबाब उडवणार. व्हिसेराचा, म्हणजे मृताच्या अवयवांच्या तपासणीचा रिपोर्टही कादंबरीत दुसऱ्या दिवशी सकाळी येतो, तेव्हा तर वाटतं या लेखकाला खून करायला नाही, सरकारी खात्यात सुधारणा करायला पाठवावं.

पण तुम्ही यातलं काही बोलू नका. तुम्ही म्हणा, "पुण्यात असं काही होत नाही हो." या वाक्याला आपल्याकडे फार वजन आहे. 1976 च्या जानेवारीपासून 1977 च्या मार्चपर्यंत याच शहरात दहा खून पडले, करणारी कॉलेजात कला शिकणारी पोरं होती, चौघांना 1983 साली येरवड्यात फाशी झाली, आणि ज्यांनी ते दिवस पाहिलेत ते अजूनही सांगतात की दिवेलागणीनंतर रस्त्यावर माणूस दिसायचा नाही. तेच लोक पुढच्या वाक्यात कादंबरीतल्या एका खुनाला "अतिरंजित" म्हणतात. अमेरिकेतल्या किंवा स्वीडनमधल्या कादंबरीत एका गावात बारा माणसं मेली तरी चालतात, तिथे थंडी असते ना.

यानंतर तुलना. बाबूराव अर्नाळकरांचं नाव आलंच पाहिजे. त्यांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, तुम्ही त्यातली एकही वाचलेली नसली तरी "अर्नाळकरांची सर नाही" म्हणायला हरकत नाही. वय पन्नाशीच्या आसपास असेल तर "सुशि असते तर..." (म्हणजे सुहास शिरवळकर) असं म्हणून खिडकीबाहेर बघायचं, वाक्य पूर्ण करायचं नाही. हे दोघं लिहीत होते तेव्हा त्यांच्या पुस्तकांना साहित्य म्हणायला बरेच जण तयार नव्हते, पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून घरी न्यायचे. आता मात्र नव्या लेखकाला हाणायला तीच पुस्तकं कामाला येतात. आणि तरुण असाल तर सोपं आहे, "सेम एका वेबसिरीजमध्ये आहे" म्हणा. कुठल्या, ते आठवत नाही म्हणा.

हे झालं वाचकांचं. तुम्ही स्वतः लेखक असाल तर मात्र तुम्हाला दोन मतं बाळगावी लागतात. एक मलपृष्ठावरचं: "ओघवती भाषा, खिळवून ठेवणारं कथानक, एका बैठकीत संपवली, मराठी रहस्यकथेला नवं वळण." हे पीडीएफ न उघडता देता येतं आणि तसंच दिलं जातं, म्हणून तर एकाच वर्षात मराठी रहस्यकथेला इतकी वळणं लागतात की ती आता कात्रज घाट झालीये. दुसरं मत टपरीवरचं, कटिंग हातात घेऊन, आजूबाजूला बघून: "अरे काही नाहीये रे त्यात. कल्पना माझ्याकडे केव्हापासून होती, मीच लिहिली नाही." जे गंभीर लेखन करतात त्यांनी "वाङ्मयीन मूल्य" हे दोन शब्द वापरावेत आणि रात्री घरी जाऊन जपानी रहस्यकादंबरी इंग्रजीतून वाचावी, इंग्रजीतून वाचली की ती आपोआप गंभीर होते.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा. समजा चुकून तुम्ही पुस्तक खरंच वाचलंत, आणि अकराव्या प्रकरणात ती बाई रात्री गॅलरीत दोरीवरचे कपडे काढायला जाते, आणि स्वतःच्या कपड्यांमध्ये तिला नवऱ्याचा तो शर्ट दिसतो जो पोलिसांनी पंचनाम्यात सीलबंद करून नेलाय, आणि ती फक्त एकेक चिमटा काढत राहते, शर्टापर्यंत येते आणि तिथे थांबते, आणि तेवढ्यात तुमचं दूध उतू गेलं, तर हे त्याला सांगू नका. त्याला नेमकं हेच ऐकायचंय. तसंच, सोसायटीच्या वॉचमनकडे एंट्रीचं रजिस्टर होतं आणि साडेतीनशे पानांत ते एकाही पोलिसाने उघडून बघितलं नाही, हेही सांगू नका. लेखकाला कुठे धरून ठेवलं आणि कुठे गाठ सुटली हे दोन्ही कळलं तर तो पुढचं पुस्तक चांगलं लिहील, मग आपण काय बोलायचं?

ख्रिस्तीबाईंच्या बाबतीत नेमकी हीच चूक झाली. बऱ्याच प्रकाशकांनी नाकारल्यावर शेवटी एकाने पुस्तक घेतलं, पण आधी पूर्ण वाचलं आणि सांगितलं की कोर्टातला शेवट पटत नाही, तो बदला. बाईंनी बदलला, सगळ्यांना एका खोलीत बसवून उलगडा केला, आणि मग आयुष्यभर तेच करत राहिल्या. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्या दवाखान्याच्या औषध विभागात काम करायच्या, त्यामुळे विषाचं लिहिलेलं बिनचूक होतं, आणि औषधनिर्मात्यांच्या एका नियतकालिकाने तेवढ्याचंच कौतुक केलं, ते त्यांना फार आवडलं होतं म्हणे. आपल्याकडे पेठांमध्ये पावला-पावलावर मेडिकलचं दुकान आहे, पण कुठल्या केमिस्टने "काकांना दिलेला डोस बरोबर होता" म्हणून लेखकाला फोन केल्याचं ऐकिवात नाही. ही आपल्या संस्कृतीची ताकद समजा.

राहता राहिलं ते हातातलं पुस्तक. विकत घेऊ नका, भेट मिळालंच आहे, आणि नसेल मिळालं तर लायब्ररीत येईलच. तिथे पहिल्या पानावर आधीच्या मेंबरने खुन्याचं नाव लिहून ठेवलेलं असतं, ते बघून घ्या, म्हणजे पहिल्या पानावर ओळखलं हे तुम्हाला खोटं न बोलता सांगता येईल. नाव चुकीचं लिहिलेलं असेल तर खोडून बरोबर लिहा, पण पेन्सिलीने. पुस्तक सार्वजनिक आहे.