‘मांजराचा जीव घरावर’ म्हणणाऱ्या वाचकास उत्तर

नमस्कार.

मांजरांसोबत राहण्यातल्या सुखाबद्दल मी लिहिलं, त्यावर तुम्ही एवढी लांबलचक प्रतिक्रिया दिलीत, म्हणून उत्तरही सविस्तर देते. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मांजर मतलबी असतं, त्याचा जीव माणसावर नसून घरावर असतो. तुमच्या शेजाऱ्यांनी जागा बदलली आणि त्यांचं मांजर जुन्या इमारतीत परत आलं, हा त्याचा पुरावा. बोक्यामुळे घराला वास मारतो, केसांमुळे दमा होतो, गरोदर बाईला धोका असतो. आणि शेवटी, ‘हे सगळे रिकामटेकड्या बायकांचे चोचले.’

या शेवटच्या वाक्याचंच आधी बोलते, कारण ते मला लागलं. मी नोकरी केली, दोन मुलं वाढवली, सासूबाईंचं आजारपण काढलं. या सगळ्या काळात घरात मांजर होतं. सासूबाईंना सुरुवातीला ते डोळ्यासमोर नको असायचं. पुढे अंथरुणाला खिळल्यावर दुपारी मनी पायाशी येऊन पडली नाही, तर त्याच विचारायच्या, ‘आज गेली कुठं ही?’ ज्या बाईला तुम्ही ओळखत नाही, तिच्या वेळेचा हिशेब मांडायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? मांजर आवडत नाही एवढंच लिहिलं असतंत, तर मी दोन ओळींत आभार मानून गप्प बसले असते. घरातल्या बायकांशीही तुम्ही असंच बोलत असाल, तर त्यांच्याबद्दल मला वाईट वाटतं.

वासाचं मात्र मान्य. वयात आलेला बोका भिंतीवर, पडद्यावर मुताची पिचकारी मारतो आणि तो वास फिनाइलनं हटत नाही. पाच-सहा महिन्यांचा असताना नसबंदी करून घेतली, तर बहुतेक बोके या खोडीला लागत नाहीत.

आता ‘जीव घरावर’. हे वाक्य लहानपणापासून ऐकत आलेय, आणि ते खोटं आहे असं मी ठामपणे म्हणते. मांजराचा मूळ पूर्वज आफ्रिकेतलं रानमांजर. ते एकटं राहतं, एकटं शिकार करतं, आपला इलाखा राखतं. आपलं घरातलं मांजरही दाराच्या चौकटीला, खुर्चीच्या पायाला गाल घासून आपला वास लावून ठेवतं. त्या खुणा एकदम नाहीशा झाल्या की ते घाबरणारच. नव्या जागी नेल्यावर दोन-तीन आठवडे तरी मांजराला बाहेर सोडायचं नसतं. तुमच्या शेजाऱ्यांनी काय केलं हे तुम्ही लिहिलंच नाहीत. लगेच दार उघडं ठेवलं असेल, तर त्यात मांजराचा मतलब कुठून आला?

आम्ही भाड्याची जागा सोडून स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा आमची चिंगी वॉशिंग मशीनच्या मागे जाऊन बसली. सुकटीचा वास आला तरी हलेना. रात्री कामं आटोपल्यावर मी तिथेच फरशीवर बसले, हाक मारली नाही, हातही लावला नाही. बऱ्याच वेळानं आधी मिशा बाहेर आल्या, मग नाक. माझ्या पायाचा अंगठा तिनं हुंगला, त्यावर हनुवटी टेकवली, आणि मग माझ्या मांडीला खेटूनच बशीतलं खाल्लं. मी उठले की परत मशीनमागे. पुढे प्रत्येक खोली तिनं माझ्यामागून येऊनच पाहिली. घर तर नवंकोरं होतं. मग तिचा जीव कशावर होता, तुम्हीच सांगा.

एकट्या चिंगीचं उदाहरण तुम्हाला पुरणार नाही, म्हणून हेही सांगते. २०१९ साली अमेरिकेतल्या ओरेगॉन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी मांजरांची पिल्लं त्यांच्या माणसांसोबत अनोळखी खोलीत ठेवली. माणूस दोन मिनिटं बाहेर गेला, पिल्लू एकटं राहिलं, मग माणूस परत आला. सुमारे ६४ टक्के पिल्लं माणूस परतल्यावर शांत झाली, त्याच्याजवळ येऊन गेली आणि पुन्हा खोली न्याहाळायला लागली. लहान मुलांच्या आईवरच्या ओढीची परीक्षा घेतात, तीच ही पद्धत. त्या खोलीत घर नव्हतं, ओळखीचा कोपरा नव्हता, फक्त माणूस होता.

आणि पोटापुरतं प्रेम म्हणता, तर जेवून झाल्यावर काय होतं ते कधी पाहिलंय का? चिंगी पोट भरल्यावर येते, मांडीवर कणीक तिंबल्यासारखे पुढचे पंजे आळीपाळीनं दाबते, माझ्याकडे बघत डोळे सावकाश मिटते, उघडते. आपणही तसेच सावकाश डोळे मिटले की मांजरं उलट उत्तर देतात, हे ससेक्स युनिव्हर्सिटीच्या अभ्यासात २०२० मध्ये दिसून आलंय. तेव्हा तिला माझ्याकडून काहीही नको असतं.

केसांचं आणि दम्याचं ज्यानं त्यानं आपल्या डॉक्टरांना विचारावं. गरोदरपणाबद्दल इतकंच, की धोका असतो तो टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या सूक्ष्म परजीवीचा, आणि मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडल्यावर तो संसर्गजन्य व्हायला निदान एक दिवस लागतो. म्हणून घरातल्या दुसऱ्या कोणीतरी मांजराच्या शी-शूचा ट्रे रोज साफ करावा. अर्धवट शिजलेल्या मटणातूनही तो येतो. यावर मला आणखी वाद घालायचा नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढून टाकणार नाही. पुन्हा बायकांबद्दल असं काही लिहिलंत, तर मात्र ठेवणार नाही. आणि शेजाऱ्यांचं ते मांजर अजून जुन्या इमारतीतच असेल, तर त्याला खायला कोण घालतं, तेवढं कळवा.