राखीव मार्गावरील एक प्रवासी

निवृत्तीला थोडी वर्षे उरली असताना मी पुन्हा सायकलने कचेरीत जाऊ लागलो, त्यामागे पर्यावरणप्रेम आहे असे माझे सहकारी समजतात आणि त्यांचा हा समज दूर करण्याच्या भानगडीत मी पडत नाही. खरे कारण असे की, डॉक्टरांनी साखरेचा आकडा वाचून दाखवल्यानंतर आमच्या घरी एक ठराव एकमताने, म्हणजे माझे मत विचारात न घेता, संमत झाला आणि त्याची अंमलबजावणी तेवढी माझ्याकडे आली. रहदारीचा मुद्दा मी मांडून पाहिला. त्यावर "अहो, आता तर तुमच्यासाठी वेगळा रस्तासुद्धा केलाय," असे उत्तर मिळाले. ते खरेही होते. आमच्या रस्त्याच्या कडेला लालसर पेव्हर ब्लॉकचा, मधोमध पांढऱ्या रंगात सायकल काढलेला नवा ट्रॅक झाला होता. तो फोटो काढण्याजोगा होता आणि फोटो काढून होईपर्यंत मोकळाही होता.

पुण्याला एके काळी सायकलींचे शहर म्हणत असत, हे येथील ज्येष्ठ नागरिक अजूनही रिक्षात बसून सांगतात. त्या काळी सायकलीला कराचा बिल्ला लावावा लागे, आणि रात्री दिवा नसला किंवा मागे डबलसीट कोणी दिसले की पोलीस अडवीत. त्या छळातही शासनाचे आपल्याकडे लक्ष आहे, असा एक दिलासा होता. पुढे दुचाकी वाढल्या, बिल्ला गेला, तासाच्या भाड्याने सायकल देणारी दुकाने गेली आणि सायकलवाला सरकारी कागदांवरून नाहीसा झाला, तो पुन्हा अवतरला थेट आराखड्यांत. वाहने नव्हे, तर माणसे हलली पाहिजेत, असे 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने सांगितले. 2017 च्या अखेरीस पुण्याचा सर्वंकष सायकल आराखडा मंजूर झाला आणि त्यात 800 किलोमीटरांहून अधिक लांबीचे मार्ग सुचवलेले होते. एवढा मार्ग एका रेषेत टाकला, तर माणूस पुण्याहून नागपूरला पोचून पुढेही बराच जाईल. माझी अपेक्षा कचेरीपर्यंतचीच आहे.

आमच्या ट्रॅकचा प्रारंभ बोलार्डांनी होतो. दुचाकींनी आत शिरू नये म्हणून हे लोखंडी खुंट रोवलेले असतात. मुळात तेथे दोनच खुंट होते आणि त्यांच्यामधून सायकल जाऊ शकत असल्याने स्कूटरही, आरसे आत वळवून, आरामात जात असे. हे लक्षात आल्यावर मधोमध तिसरा खुंट रोवण्यात आला. आता हँडल तिरके केल्याशिवाय सायकल आत जात नाही, म्हणून मी खाली उतरतो, पुढचे चाक उचलतो, पेडल खुंटाला थडकते, डबा कॅरियरवरून सरकतो आणि या कसरतीच्या शेवटी मान वर करून पाहावे, तर पलीकडच्या सोसायटीच्या फाटकातील उतारावरून दोन स्कूटर ट्रॅकवर चढून माझ्याही पुढे निघालेल्या असतात. खुंटांनी अडवलेला एकमेव वाहनचालक मीच.

ट्रॅकची रुंदी हा तर स्वतंत्र विषय आहे. सायकलींचा मार्ग किमान 2 मीटर रुंद असावा, असे रस्तेबांधणीची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने 1962 सालीच छापून ठेवले आहे, आणि आमचा ट्रॅक बांधणाऱ्यांनी ते वाचलेही असावे, कारण टेपने मोजल्यास तो नियमात बसतो. फक्त त्या रुंदीत एक विजेचा फीडर बॉक्स, एक गुलमोहर, झाकण वर आलेले एक चेंबर आणि भिंतीच्या आधाराने उभी असलेली एक इस्त्रीची गाडी हेही बसतात. त्यांची वजाबाकी करून उरते, त्या जागेतून मी जातो. गुलमोहराविषयी माझी तक्रार नाही, तो आधीपासून तेथे होता. फीडर बॉक्सचे मात्र दार ट्रॅकच्या बाजूला उघडते आणि ते बहुधा उघडेच असते.

पेव्हर ब्लॉकविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. हे ठोकळे पायी चालणाऱ्यासाठी ठीक आहेत. सायकलीच्या अरुंद, टणक टायरला मात्र प्रत्येक सांधा स्वतंत्रपणे जाणवतो, आणि खालची वाळू पहिल्या पावसाळ्यात वाहून गेली की ठोकळे आपापल्या मर्जीने वर-खाली होतात. मी घरून निघतो तेव्हा डब्यात दही असते आणि कचेरीत पोचल्यावर ताक निघते. शेजारी, मोटारींसाठी, मात्र गुळगुळीत डांबर असते. ज्या वाहनाला उत्तम स्प्रिंगा आहेत त्याला डांबर आणि ज्याला सीटखेरीज काहीही नाही त्याला ठोकळे, ही वाटणी कोणत्या तत्त्वावर झाली हे मला समजलेले नाही.

तीच गोष्ट फाटकांची. प्रत्येक सोसायटीच्या फाटकापाशी आमचा ट्रॅक खाली उतरतो आणि फाटक ओलांडले की पुन्हा वर चढतो, म्हणजे मोटारीला बाहेर पडताना किंचितही गचका बसू नये. त्यामुळे सपाट रस्त्यावर राहूनही मला रोज एक छोटासा घाट पार करावा लागतो. माझा भाचा नोकरीनिमित्त नेदरलँड्समधील आइंडहोव्हन येथे असतो. त्याच्या सांगण्याप्रमाणे तिकडे नेमके उलटे आहे. ट्रॅक एकाच पातळीवर सरळ जातो आणि गल्लीतून येणाऱ्या मोटारीला चढ चढून, वेग कमी करून, तो ओलांडावा लागतो. चढ कोणी चढायचा एवढाच प्रश्न आहे, पण त्याच्या उत्तरावर मोटारवाल्याचा पाय ब्रेकवर जाणार की नाही हे ठरते.

यानंतर उभ्या गाड्या. जेथे पायी चालणारे किंवा सायकलवाले यांच्यासाठी मार्ग राखून ठेवला आहे, तेथे गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय मोटार वाहन चालवू नये, असे 1989 च्या रस्ता नियमांत स्पष्ट लिहिले होते. आमच्या ट्रॅकवर मोटार कोणी चालवत नाही, उभी करतात. "काका, दोन मिनिटं," असे गाडी लावणारा तरुण माझ्याकडे न पाहता म्हणतो आणि बेकरीत शिरतो. मी वाद घालत नाही. वाद घालायचा, तर तो बाहेर येईपर्यंत थांबावे लागेल, आणि या दोन मिनिटांत एखाद्याचे लग्न ठरून साखरपुडाही उरकता येईल. मी सायकल मुख्य रस्त्यावर उतरवतो. तेथे मागून येणारी बस जोरात हॉर्न देते आणि तिच्या दारातील वाहक ओरडतो, "ट्रॅक आहे ना तुम्हाला!"

बसथांबा तर ट्रॅकच्या मधोमधच आहे. थांब्याचे छप्पर पुढे, बाक ट्रॅकवर आणि प्रवाशांचे पाय बाकाच्याही पुढे, अशी रचना आहे. बस आली की रांग मोडून सर्व जण ट्रॅक ओलांडून धावतात, बस गेली की उरलेले जण पुन्हा ट्रॅकवर येऊन पुढची बस दिसते का ते पाहतात. घंटी वाजवली तर एखाद्या आजी "अरे, दिसत नाही का माणसं उभी आहेत?" असे खडसावतात, आणि त्यांचे चुकते असे मला म्हणवत नाही. थांबा रस्त्याच्या बाजूला बेटासारखा ठेवून ट्रॅक त्याच्या मागून नेला असता, तर आजींचे आणि माझे संबंध इतके बिघडले नसते.

तरीही येथपर्यंत जे सांगितले ते सारे गैरसोयींच्या सदरात मोडते. जीवावरचा प्रकार पुढे, चौकात आहे. दोन चौकांच्या मधल्या सरळ पट्ट्यात, जेथे सगळी वाहने एकाच दिशेने चालली आहेत आणि फारसे काही घडत नाही, तेथे आमच्या ट्रॅकला दुभाजक, खुंट, रोपे आणि सायकलीचे चित्र, असा सगळा थाट आहे. चौक जवळ आला की तो एका उतारावरून मुख्य रस्त्यावर उतरतो आणि संपतो. आता मला सरळ जायचे असते, डाव्या कडेला मी असतो आणि माझ्या उजव्या हाताला असलेल्या मोटारीला डावीकडे वळायचे असते. तिला 'फ्री लेफ्ट' आहे, म्हणजे सिग्नलची वाट पाहायची नाही. शिवाय वळणाचा कोपरा एवढा मोठा आणि गोलाईदार करून ठेवला आहे की वेगही कमी करावा लागत नाही. चालकाचे लक्ष उजवीकडून येणाऱ्या गाड्यांकडे, माझे लक्ष त्याच्या लुकलुकणाऱ्या, किंवा न लुकलुकणाऱ्या, दिव्याकडे. ज्या जागी संरक्षण हवे, नेमक्या त्याच जागी ते काढून घेतलेले आहे. पूर आला की धरणाची भिंत गुंडाळून ठेवावी, तसा हा प्रकार वाटतो.

एकदा मी या चौकात पाय टेकून उभा असताना वाहतूक पोलिसाने जवळ येऊन सौजन्याने विचारले, "काका, ट्रॅकवरून का जात नाही?" मी मागे बोट दाखवून ट्रॅक येथेच संपल्याचे सांगितले. त्यांनी त्या उताराकडे आणि मग पलीकडच्या फुटपाथकडे पाहिले, थोडा विचार केला आणि म्हणाले, "मग तुम्ही असं करा, हातात धरून चाला."

भाच्याला हे सांगितल्यावर त्याने मला मोबाइलवर तिकडचा एक पूलच दाखवला. आइंडहोव्हन आणि वेल्डहोव्हन यांच्या सीमेवर एका मोठ्या चौकाच्या वर सायकलींसाठी वर्तुळाकार पूल तारांनी टांगलेला आहे, त्याला होव्हनरिंग म्हणतात. तो 2012 साली खुला झाला. खालून मोटारी जातात, वरून सायकली. "मामा, बघा, अख्खा रस्ता हवेत लटकतोय," असे तो अभिमानाने म्हणाला. मी त्याला म्हटले, आमच्याही ट्रॅकवर बरेच काही हवेत लटकते, इंटरनेटच्या केबली थेट गळ्याच्या उंचीवर आहेत. मग त्याने, तेथेही हे आपोआप झालेले नाही, असे गंभीरपणे सांगितले. 1971 साली त्या लहानशा देशात रस्त्यावरील अपघातांत 3000 हून अधिक माणसे गेली, त्यांत 400 हून अधिक मुले होती. आईबाप रस्त्यावर उतरले, आणि 1973 च्या तेलटंचाईत रविवारी मोटारी बंद ठेवाव्या लागल्या, तेव्हा त्याच रस्त्यांवर मोटारींवाचून किती जागा असते हे लोकांना दिसले. यावर मला विनोद सुचला नाही.

टांगता पूल मागण्याइतका मी भाबडा नाही. मी संबंधित विभागाकडे साधा अर्ज केला. चौकातील कोपऱ्याची गोलाई कमी करावी, म्हणजे वळताना वेग आपोआप उतरेल. ट्रॅकचा लाल पट्टा चौकातून आरपार रंगवावा. सायकलींची थांबण्याची रेषा मोटारींच्या पुढे आखावी आणि त्यांना हिरवा दिवा काही सेकंद आधी द्यावा. आणि हे काहीच जमत नसेल, तर निदान ट्रॅक येथे संपतो याची कल्पना मोटारवाल्यांना येईल असे काहीतरी करावे. अर्जासोबत मी हाताने काढलेला नकाशाही जोडला, त्यात मोटारी निळ्या आणि मी लाल रंगात होतो.

उत्तर आले आणि कामही झाले, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. अर्जातील शेवटच्या विनंतीचा सहानुभूतीपूर्वक विचार होऊन त्या ठिकाणी 'सायकल ट्रॅक समाप्त' असा ठळक अक्षरांतला फलक उभारण्यात आला. त्याचा जाड लोखंडी खांब काँक्रीटच्या चौथऱ्यासह ट्रॅकच्या बरोबर मध्यभागी, उतार जेथे सुरू होतो तेथे, रोवलेला आहे, आणि फलकाचे तोंड माझ्याकडे आहे, मोटारींकडे नाही. खांब बाजूला घ्यावा असा दुसरा अर्ज मी केला. त्यावर, फलक या विभागाचा असला तरी खांब रोवण्याचे काम दुसऱ्या विभागाकडे असल्याने आपला अर्ज तिकडे वर्ग करण्यात येत आहे, असे कळवण्यात आले आहे.