परदेशवारी: देश मोजू नका, रात्री मोजा

मे महिन्याच्या सहलीचे बेत ठाण्यात दिवाळीचा फराळ संपता संपता सुरू होतात. पहिला प्रश्न ठरलेला: "किती देश होतात?" दहा दिवसांत पाच देश म्हटलं की पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. माझ्या मते सहलीची माती तिथेच होते. देश मोजायचे नाहीत, रात्री मोजायच्या. आणि एका हॉटेलात सलग तीन रात्रींपेक्षा कमी मुक्काम ठरवायचाच नाही.

पॅरिसहून स्वित्झर्लंडमधल्या इंटरलाकेनला जायचा दिवस घ्या. सकाळी उठून बॅगा भरा, नाश्ता उरका, अकराच्या आत खोली सोडा. पॅरिसच्या गार द ल्यों स्टेशनवरून स्वित्झर्लंडच्या बाझल शहरापर्यंत वेगवान गाडीला साधारण तीन तास, पुढे इंटरलाकेनला आणखी दोन. मध्ये फलाट बदलताना चार माणसं, चार बॅगा आणि आजींचा गुडघा. हॉटेलची किल्ली हातात पडेपर्यंत संध्याकाळ. कार्यक्रमपत्रिकेत "दिवस चौथा: पॅरिस ते स्वित्झर्लंड" असं झकास दिसतं, प्रत्यक्षात तो दिवस हमालीत गेलेला असतो. असे चार बदल केलेत की दहातले चार दिवस गेलेच म्हणा.

मुक्काम लांबवण्याचा खरा फायदा मात्र हवामानाचा. इंटरलाकेनहून बघायला जातात ते युंगफ्राउयोख हे बर्फाळ डोंगरावरचं ठिकाण ३,४५४ मीटरवर आहे. ढग असतील तर वर पांढऱ्या पडद्यापलीकडे काही दिसत नाही, आणि तिकीट चांगलंच महाग. शिखरावरच्या कॅमेऱ्यांचं थेट चित्रण नेटवर फुकट दिसतं. तीन रात्री हाताशी असतील तर सकाळी उठल्यावर ते बघायचं, आकाश मोकळं असेल तर निघायचं, नाहीतर खाली तलावात बोटीने फिरायचं. एकच रात्र असेल तर नशिबात येईल ते हवामान. वर हवा विरळ असते, म्हणून ज्येष्ठांनी पायऱ्या सावकाश चढाव्यात. हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असेल तर आपल्या डॉक्टरांना निघण्याआधीच विचारावं.

तिकीट काढताना "मल्टी-सिटी" हा पर्याय बघा. पॅरिसला उतरा, झुरिकहून परत या. जाऊन-येऊन एकाच शहराचं तिकीट थोडं स्वस्त दिसतं, पण विमानासाठी पुन्हा मागे यायचा रेल्वेखर्च आणि एक दिवस त्यात कोणी धरत नाही. उतरल्या दिवशी काहीही बुक करू नका. रात्रभर विमानात तारवटलेले डोळे, आणि खोली मिळणार दुपारी दोन-तीनला. बॅगा रिसेप्शनवर ठेवायच्या, जवळपास भटकायचं, पोटभर जेवायचं, लवकर झोपायचं.

टूर कंपनीबरोबर जायलाही माझी ना नाही. ज्येष्ठ बरोबर असतील, शाकाहारी जेवण हवं असेल तर ते उत्तमच. फक्त तीन गोष्टी विचारा. हॉटेल मुख्य शहरापासून किती किलोमीटरवर आहे? आणि यादीतलं प्रत्येक ठिकाण आतून बघायचं आहे की बसमधून? तिसरी गोष्ट टीसीएस, म्हणजे परदेशी सहलीच्या रकमेवर कंपनी आधीच वसूल करते तो कर. सांगितलेल्या किमतीत तो धरलाय का, ते लेखी घ्या. त्याचा दर अर्थसंकल्पात बदलत असतो. तो पैसा बुडत नाही, आयकर खात्यातल्या तुमच्या नोंदीत दिसतो आणि रिटर्न भरताना वळता होतो, पण बुकिंगच्या वेळी खिशातून जातोच.

आता कागदपत्रं. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, प्रकरण अडलं तर पंचेचाळीसपर्यंत जातात. मे महिन्यासाठी जानेवारी-फेब्रुवारीतच अपॉइंटमेंट घ्या. मार्चनंतर अख्खा महाराष्ट्र त्याच रांगेत असतो. अर्ज कुठल्या देशाकडे? जिथे रात्री जास्त तिथे. रात्री सारख्याच असतील तर जिथून आधी शिरणार तिथे. "अमुक देश पटकन देतो" म्हणून तिकडे अर्ज टाकून हॉटेलं मात्र दुसरीकडची लावणं म्हणजे नकार ओढवून घेणं. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. बीपी, शुगर असेल तर विम्याच्या फॉर्मवर लिहा. लपवलंत तर ऐनवेळी दावा अडकतो. अर्जाच्या आठवडाभर आधी काकांकडून चार लाख खात्यात फिरवायचा उद्योगही नको. स्टेटमेंट बघणाऱ्याची नजर आधी अशाच एकरकमी जमेवर जाते. पगार, रोजचे खर्च आणि हळूहळू वाढलेली शिल्लक, एवढं त्याला पुरतं.

पासपोर्टची मुदत परतीनंतर किमान सहा महिने असावी. शेंगेनला तीन चालतात, पण आशियातले बरेच देश सहा मागतात. घोळ बहुतेक वेळा मुलांच्या पासपोर्टवर होतो. मोठ्यांचा दहा वर्षांचा, लहानांचा पाचच वर्षांचा, आणि ते लक्षात येतं तिकीट काढल्यावर. नूतनीकरणासाठी ठाणेकरांना वागळे इस्टेटचं केंद्र आहे. मोठ्यांच्या ३६ पानी पुस्तिकेची साधी फी १,५०० रुपये, तत्काळला वर २,०००.

दुसरा आपला खास मराठी घोळ नावाचा. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पासपोर्टवर बहुधा "गिव्हन नेम"च्या रकान्यातच असतं. तिकिटावर ते तसंच्या तसं टाका. लग्नानंतर सोसायटीच्या पाटीवर आडनाव बदललंय आणि पासपोर्ट माहेरच्या नावाचा आहे, तर तिकीटही माहेरच्याच नावाने. पासपोर्ट उघडून समोर ठेवा आणि एकेक अक्षर बघून भरा, ब्राउझरला आपोआप नाव भरू देऊ नका.

पैशांचं थोडक्यात. कार्डावरचे परदेशी व्यवहार बँकेच्या अॅपमधून चालू करा, रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे नव्या कार्डावर ते बंदच येतात. दुकानातलं मशीन "रुपये की युरो?" विचारतं, तेव्हा युरो दाबा. रुपये दाबलेत तर दुकानदाराची बँक स्वतःचा दर लावते आणि तो हमखास महाग पडतो. ओटीपीसाठी आपलं सिम चालू, त्याचा डेटा बंद, इंटरनेटला तिकडचं ई-सिम.

खाऊच्या पिशवीवर मात्र थांबायलाच हवं. दुबईच्या भाच्यासाठी अनारसे नेताय? अनारशांवर खसखस असते, आणि संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे, अंमली पदार्थांच्या कायद्याखाली. तिथे "घरी केलेत हो" हे चालत नाही. चकली, शंकरपाळे न्या. युरोपियन संघात दूध आणि मांसाचे पदार्थ बाहेरून आणता येत नाहीत, म्हणजे पेढे, श्रीखंड घरीच संपवून निघा. लोणचं हातातल्या बॅगेत नको, द्रवाची मर्यादा एका डब्याला १०० मिली. पॉवर बँक नेमकी उलटी, ती हातातच, चेक-इनच्या बॅगेत कधीच नाही. औषधं मूळ पाकिटात, सोबत औषधाच्या घटकांची नावं लिहिलेली चिठ्ठी. खोकल्याच्या कोडीनवाल्या औषधांवर जपानपासून आखातापर्यंत निर्बंध आहेत.

थायलंडला जाणाऱ्यांसाठी: डिजिटल अरायव्हल कार्ड १ मे २०२५ पासून सक्तीचं आहे. पोचण्याआधीच्या तीन दिवसांत सरकारी संकेतस्थळावर फुकट भरता येतं. पैसे मागणारी साइट दलालाची समजा.

आणि तारीख. तिकिटावर १५ मे, ००:४० लिहिलं असेल तर घरून निघायचं १४ मेच्या संध्याकाळी. काउंटर बहुतेक कंपन्यांचा तासभर आधी बंद होतो, म्हणून तीन तास आधी पोचायचं, आणि घोडबंदरवरून निघणाऱ्यांनी गायमुखचा घाट आणि कापूरबावडीचा चौक मनात धरून आणखी तास-दीड तास. शुक्रवार असेल तर जास्तच. नवी मुंबईकरांनो, तुमचं उलव्याचं नवं विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू आहे, तेव्हा तिकिटावरचा कोड वाचल्याशिवाय टॅक्सी सांगू नका. बीओएम म्हणजे सहार, एनएमआय म्हणजे उलवे. दिल्लीमार्गे जाणाऱ्यांनी तर दोन्ही बाजूंचा कोड तपासा, कारण जाताना एकीकडून निघून येताना दुसरीकडे उतरवणारं तिकीटही मिळू शकतं, आणि गाडी तुम्ही लावलेली असते पहिल्या ठिकाणी.