थंडी जितकी जास्त तितका आंबा जास्त? असं नसतं!

नेरूळला आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर थंडी पडली की एक मेसेज फिरू लागतो: 'यंदा थंडी कडाक्याची, म्हणजे हापूस भरघोस आणि स्वस्त. जितकी थंडी तितका आंबा. झाड मोहोरत नसेल तर मुळाशी बर्फ टाका.'

थंडीशिवाय हापूस नीट मोहोरत नाही, एवढं खरं. रात्रीचा पारा पंधरा-सोळाला उतरून काही दिवस तिथेच राहिला, की काडीच्या (बारीक फांदीच्या) शेंड्याचा डोळा, म्हणजे अंकुर, पालवीऐवजी मोहोर काढतो. पण काडी जून, म्हणजे पक्व झालेली हवी, कोवळी चालत नाही. आमच्या गेटजवळच्या झाडाची दिवाळीच्या तोंडावर छाटणी झाली, त्यावर तांबूस पालवी आली आणि मोहोराचा एक तुरा दिसला नाही. दहा पावलांवरचं न छाटलेलं झाड मात्र मोहोराने लगडलं होतं. थंडी दोघांनाही सारखीच.

'जितकी थंडी तितका आंबा' हे तर साफ चूक. मोहोराचा तुरा जवळून बघा. काही फुलांच्या मधोमध बारीक हिरवट-पिवळी गोळी दिसते, बाकीच्यांत ती नसते. गोळी नसलेली ती नर फुलं, त्यांना फळ धरतच नाही. मोहोर घडताना थंडी फार झाली तर नर फुलंच वाढतात. त्यात परागकण नीट रुजत नाहीत, माश्याही फिरकत नाहीत. झाड फुललेलं दिसतं, पण कणी, म्हणजे इवलंसं फळ, धरत नाही.

त्याहून वाईट पुनर्मोहोर. कणी वाटाण्याएवढी झालेली असताना थंडी लांबली, की त्याच फांदीवर नवा मोहोर फुटतो, अन्नरस तिकडे वळतो आणि आधीची कणी पटापट गळते. गेल्या वर्षी आमच्या पार्किंगमध्ये रोज सकाळी तिचा सडा पडायचा, केरसुणीने गोळा करताना जीव तुटायचा. हा पुनर्मोहोर रोखायला दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ जिबरेलिक आम्ल या वाढ-संजीवकाच्या 50 पीपीएम (दहा लाख भागांत 50 भाग) फवारणीची शिफारस करतं. जास्त थंडी म्हणजे जास्त आंबा असता, तर बागायतदाराने मोहोर थांबवायला पैसे कशाला घातले असते?

स्वस्ताईचं म्हणाल तर वाशीच्या बाजार समितीत येणारा हापूस मुख्यतः देवगड-रत्नागिरीकडच्या बागांत पिकतो. नेरूळला स्वेटर काढले म्हणून तिथली कणी टिकली असं होत नाही.

आणि बर्फ कृपा करून टाकू नका. मोहोरासाठी थंडी ओळखतात ती पानं, तिथूनच डोळ्याला इशारा जातो. बर्फाने फक्त पाणी शोषणारी कोवळी पांढरी मुळं मरतील.