मूल होत नाही, की बोट लगेच तिच्या मेकअप पाऊचकडे

दर थोड्या दिवसांनी तोच फॉरवर्ड फिरून येतो. लाल अक्षरात हेडिंग, खाली लिपस्टिक, नेलपॉलिश, शाम्पूचे फोटो आणि "या वस्तू तुम्हाला आई होऊ देणार नाहीत". मला त्यातल्या केमिकलच्या मुद्द्याचा राग नाही, तो मुद्दा खरा आहे, राग याचा येतो की त्या फोटोत कधी चुकूनही आफ्टरशेव नसतं, पुरुषांचा बॉडी स्प्रे नसतो, हेअर जेल नसतं. म्हणजे महिन्यामागून महिने टेस्टच्या पट्टीकडे बघून रडणाऱ्या बाईला आता हेही ऐकवायचं की बघ, तुझ्या लिपस्टिकनेच केलं सगळं.

म्हणून जरा सविस्तर लिहितेय, मोठी पोस्ट आहे, वेळ असेल तर वाचा.

सगळ्यात जास्त नाव येतं थॅलेट्सचं. हा एकच पदार्थ नाही, प्लास्टिक वगैरे लवचिक ठेवायला वापरतात त्या केमिकल्सचं मोठं कुटुंब आहे. नेलपॉलिशचा थर तडकू नये म्हणून डायब्युटाइल थॅलेट वापरायचे, आणि सुगंध लवकर उडू नये म्हणून डायइथाइल थॅलेट. यातले काही थॅलेट्स प्राण्यांवरच्या प्रयोगात नर पिल्लाची पोटात वाढ होत असतानाच टेस्टोस्टेरॉन कमी करतात, हे पुन्हा पुन्हा दिसलंय. युरोपियन युनियनने डायब्युटाइल थॅलेट आणि डीईएचपी नावाचा त्याचा भाऊबंद, दोन्ही कॉस्मेटिक्समधून बाद केलेत आणि कारण स्पष्ट लिहिलंय, प्रजननाला घातक. तेव्हा "हे सगळं व्हॉट्सअप युनिव्हर्सिटीचं ज्ञान" म्हणून हसणाऱ्यांनीही जरा थांबावं.

आता गंमत बघा. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये फर्टिलिटी ट्रीटमेंट घेणाऱ्या जोडप्यांचा बरीच वर्षं अभ्यास चालला. २०१६ मध्ये आलेल्या निष्कर्षात ज्या बायकांच्या लघवीत डीईएचपीचे अंश जास्त होते त्यांच्यात आयव्हीएफच्या (टेस्ट ट्यूब बेबीच्या) वेळी अंडी कमी मिळाली आणि मूल जन्माला येण्याचं प्रमाणही कमी दिसलं. हे वाचून लगेच ड्रेसिंग टेबल रिकामं करायला निघाल तर थांबा, कारण डीईएचपी अंगात जातं ते मुख्यतः खाण्यातून, पॅकिंगच्या आणि प्रोसेसिंगच्या प्लास्टिकमधून, मेकअपमधून नाही. आणि ज्या पॅराबेन्सच्या (प्रॉडक्ट खराब होऊ नये म्हणून घालतात ती प्रिझर्व्हेटिव्हज) नावाने सगळ्यात जास्त बोंब असते, ते त्याच ठिकाणच्या बायकांमध्ये तपासले तर आयव्हीएफच्या निकालाशी त्यांचा संबंध दिसला नाही. पॅराबेन्स अगदी निर्दोष आहेत असं म्हणत नाहीये मी, युरोपने २०१४ मध्ये त्यातले पाच प्रकार बंद केले आणि प्रोपाइल आणि ब्युटाइल या दोन प्रकारांची मर्यादा खाली आणली. पण बाटलीवर "पॅराबेन-फ्री" छापलं की आपण डोळे मिटून घेतो, आणि त्याच बाटलीवर खाली "फ्रॅग्रन्स" लिहिलेलं असतं, त्या एका शब्दाखाली डझनभर पदार्थ बसू शकतात आणि कंपनीला सगळ्यांची नावं सांगावी लागतातच असं नाही. माझ्या मते खरा घोळ तिथे आहे.

लिलियालचंच बघा. फुलांसारखा वास देणारा पदार्थ, वर्षानुवर्षं परफ्यूम, शाम्पू, डिओ सगळ्यात होता. १ मार्च २०२२ पासून युरोपात बंद, कारण तेच, प्रजननावर परिणाम. आदल्या दिवसापर्यंत तो कायदेशीर होता, लोक आनंदाने अंगावर मारत होते, त्यात त्यांची काय चूक?

आणि पुरुषांचं काय? मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांमध्ये पुरुषाकडचं कारण असतं, एकटं किंवा बाईच्या कारणासोबत. २०१७ मध्ये एक मोठं विश्लेषण आलं होतं, १९७३ ते २०११ या काळात पाश्चात्त्य देशांतल्या पुरुषांमध्ये वीर्यातल्या शुक्राणूंचं प्रमाण निम्म्याहून जास्त घटलं असं सांगणारं. ते केमिकलमुळेच झालं हे सिद्ध झालेलं नाही, वजन, सिगरेट अशी बरीच कारणं चर्चेत आहेत, आणि मोजणीच्या पद्धतीवरही शास्त्रज्ञांत वाद आहेत. पण निदान फोटोत आफ्टरशेव तरी टाका ना.

बरं, मग करायचं काय. एक बरी बातमी आहे. थॅलेट्स आणि पॅराबेन्स शरीरात वर्षानुवर्षं साठत नाहीत, एकदोन दिवसात बरेचसे निघून जातात, प्रश्न आहे तो आपण रोज नव्याने भर घालतो त्याचा. कॅलिफोर्नियात १०० किशोरवयीन मुलींना फक्त ३ दिवस थॅलेट, पॅराबेन, ट्रायक्लोसान (जंतू मारणारं केमिकल) वगैरे नसलेली प्रॉडक्ट्स वापरायला दिली तर लघवीतलं मिथाइल पॅराबेन ४४ टक्क्यांनी आणि ट्रायक्लोसान ३६ टक्क्यांनी उतरलं. म्हणजे लगेच फरक पडतो. (फर्टिलिटी सुधारली असं त्यात कुठेही नाही, ते कोणी तपासलंच नव्हतं, उगाच जोडू नका.)

मी स्वतः एवढंच बघते की जे अंगावर दिवसभर राहतं ते बिनवासाचं असावं, म्हणजे बॉडी लोशन, क्रीम, डिओ. धुवून टाकायच्या गोष्टींचं फार टेन्शन घेत नाही. लग्नाकार्यात लावलेल्या नेलपॉलिशचं तर अजिबातच नाही. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, तेव्हा बदल करायचाच असेल तर प्लॅनिंगच्या तीनेक महिने आधी आणि दोघांनीही करा. आणि नॅचरल लिहिलंय म्हणून निर्धास्त होऊ नका, लॅव्हेंडर आणि टी ट्री तेल असलेली प्रॉडक्ट्स वापरणाऱ्या लहान मुलग्यांची छाती वाढल्याच्या केसेस २००७ मध्ये नोंदवल्या गेल्या होत्या, वापर थांबवल्यावर कमी झाली, त्या तेलांमुळेच झालं का यावर अजून वाद आहे.

दोन गोष्टींवर मात्र मी कडक आहे. गोरं करणाऱ्या बिननावाच्या क्रीम्स, कारण त्यात पारा सापडतो आणि तो पोटातल्या बाळापर्यंत पोचतो. आणि पिंपल्स-सुरकुत्यांसाठीचे रेटिनॉइड्स, चान्स घेत असाल तर आधी डॉक्टरांना विचारा. पिंपल्ससाठीच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असताना तर दिवस राहताच कामा नयेत.

आणि वर्षभर प्रयत्न करून काही होत नसेल (पस्तिशीच्या पुढे असाल तर सहा महिने) तर शाम्पू बदलत बसू नका, तपासणी करून घ्या, नवऱ्याची सीमेन टेस्ट त्याच वेळी. ती सगळ्यात सोपी टेस्ट आहे आणि तीच सगळ्यात शेवटी होते, का ते सगळ्यांना माहितीये.

एक राहिलंच. आपण निदान बाटली बदलू शकतो. पार्लरमध्ये दिवसभर बंद खोलीत रिमूव्हर, स्ट्रेटनिंग क्रीम, स्प्रेच्या वासात उभ्या असणाऱ्या मुलींना ती सोय नाही, त्यांच्या अंगात जाणारं प्रमाण आपल्यापेक्षा कितीतरी जास्त, आणि त्यातल्या बऱ्याच जणी अगदी मूल होण्याच्याच वयाच्या. त्यांच्यासाठी खिडकी, एक्झॉस्ट, ग्लोव्हज यावर फॉरवर्ड का येत नाही कधी?

कमेंटमध्ये ऑरगॅनिक प्रॉडक्टच्या लिंक टाकू नका प्लीज, डिलीट करणार आहे.