कुरवांना गाठी-शेव घालण्याच्या पुण्याविषयी

थंडी पडायला लागली की तो मेसेज येतोच. यंदा सोसायटीच्या ग्रुपवर एकाच दिवसात तीनदा आला. वर गेटवे–मांडवा बोटीवरचा व्हिडिओ आणि खाली मजकूर असा: सायबेरियाहून आलेले हे सीगल उपाशी आहेत, समुद्रात मासे उरलेले नाहीत, म्हणून बोटीवर जाताना गाठी-शेव न्या, समुद्री पक्ष्यांना खारट बाधत नाही, आणि माणसाचं प्रेम कळतं म्हणूनच ते हातातून खातात. तेवढंच पुण्य.

सायबेरियाचं निम्मंच खरं. बोटीमागे येतात ते सीगल, म्हणजे मराठीत कुरव, बहुतेक दोन जातींचे. काळ्या डोक्याचा कुरव युरोपपासून सायबेरियापर्यंत पसरलेल्या पट्ट्यात वीण करतो, तेव्हा त्याच्यापुरतं ठीक आहे. (काळं म्हणतात ते डोकं खरं तर चॉकलेटी असतं, आणि आपल्याकडे हिवाळ्यात असतो तेव्हा तेही पांढरं, कानापाशी काजळाचं बोट लावल्यासारखा एक ठिपका.) दुसरा तपकिरी डोक्याचा, फिकट डोळ्यांचा, पंखाच्या काळ्या टोकावर पांढरा ठिपका असलेला. तो तिबेट, मध्य आशिया आणि आपल्या लडाखमधल्या तलावांवर घरटी करतो. त्सो मोरिरी हा त्यातलाच एक, साडेचार हजार मीटरपेक्षा जास्त उंचीवरचा. म्हणजे तुमचा सायबेरियन पाहुणा कदाचित लडाखी असेल.

उपाशी? मासेमारीचा ताण खरा आहे, कोळीवाड्यात कुणालाही विचारा. पण कुरव नुसत्या माशांवर जगत नाही. ओहोटीला चिखलातले किडे आणि छोटे खेकडे, जाळी ओढताना फेकलेली बारीक मासळी, जे मिळेल ते तो खातो. बोटीमागेही तो गाठींसाठी म्हणून येऊ लागलेला नाही. पंख्यानं पाणी ढवळलं की बारीक मासळी वर येते, ती त्याला हवी असते. दोन्ही जाती आजघडीला संकटग्रस्त नाहीत.

ज्या समुद्री पक्ष्यांची खरोखर वाताहत झाली ते वेगळे. जगभरात ज्यांची मोजदाद होते त्या समुद्री पक्ष्यांची संख्या १९५० ते २०१० या काळात सुमारे ७० टक्क्यांनी घटली, असा अंदाज २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. लांब दोरांच्या गळांना अडकून मरणारे अल्बाट्रॉस, बेटांवर माणसाबरोबर पोहोचलेले उंदीर आणि मांजरं, छोट्या माशांचा बेसुमार उपसा, ही त्यामागची कारणं. त्यातल्या एकावरही शेव हा उपाय नाही.

खारट बाधत नाही, हे विधान मात्र मजेशीर आहे, कारण ते बरंचसं बरोबर आहे. कुरवाच्या डोळ्यांच्या वर, कवटीच्या खाचेत, मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथींची जोडी असते. समुद्राच्या पाण्यात मीठ साधारण साडेतीन टक्के. या ग्रंथी रक्तातलं जादा मीठ गोळा करून त्याहून खारट, पाच टक्क्यांच्या आसपासचा द्राव नाकपुड्यांतून सोडतात. प्राण्यांच्या शरीरक्रियांचे अभ्यासक क्नूट श्मिट-नील्सन यांनी १९५०च्या दशकात हे दाखवून दिलं. मांडव्याला उतरण्याआधी पाण्यात तरंगणाऱ्या बोयावर बसलेला एखादा कुरव नीट बघा. चोचीच्या टोकाशी थेंब जमतो, तो मान झटकतो, थेंब उडतो. सर्दी नव्हे, मीठ.

पण ही सोय फक्त मिठाची. गाठीतलं तळणीचं तेल आणि पापडखार निस्तरणारी ग्रंथी कुठल्याच पक्ष्याला नाही. त्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये परतीच्या आधी हे पक्षी डोक्यावरची पिसं बदलतात, गडद टोपी चढू लागते. पिसं म्हणजे जवळपास निव्वळ प्रथिनं. बेसनातही प्रथिनं असतात हे मान्य, पण ताजी मासळी समोर असताना त्याचं पोट तळणानं का भरायचं? शिवाय धक्क्यावर घेतलेलं पाकीट रिकामं झाल्यावर कुठे जातं, तेही बोटीच्या कठड्याला टेकून बघावं.

प्रेमाचं म्हणाल तर ती सवय आहे. सवयीचा पुढचा टप्पा ब्रिटनच्या किनारी गावांत दिसतो. तिथले हेरिंग जातीचे मोठे कुरव लोकांच्या हातातले चिप्स हिसकावतात. २०१९ साली एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी कॉर्नवॉलमध्ये चिप्सची पिशवी समोर ठेवून पाहिलं. माणूस टक लावून बघत असेल तर कुरव पिशवीजवळ यायला सरासरी २१ सेकंद जास्त घेत होते. बरेचसे तर आलेच नाहीत. प्रेमाची नजर अशी टाळत नाहीत.

पुण्याचा हिशेब मी करत नाही. २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यात दाणे घालण्यावरून काय रण माजलं ते सगळ्यांनी पाहिलंय. फोटोच हवा असेल तर बोटीच्या मागच्या टोकाला उभे राहा, फेसाळलेल्या पाण्यावर कुरव गाठींवाचूनही येतात. आणि पाकीट फोडलंच असेल तर स्वतः खा, कुरवाकडे टक लावून.